क्रोशाचे विणकाम: पहिल्या साखळीपासून गच्चीवरच्या बैठकीपर्यंत

विणकामाच्या सगळ्या प्रकारांत क्रोशा हा चारचौघांत बसून करण्यास सर्वांत सोयीचा आहे, आणि याचे कारण त्याच्या रचनेतच आहे. दोन सुयांच्या विणकामात रुंदीचे सगळे टाके एकाच वेळी सुईवर असतात. कोणी हाक मारली आणि सुई निसटली, तर पन्नास-साठ टाके उघडे पडतात. क्रोशात मात्र टोकाला आकडा असलेली एकच सुई असते आणि टाका पुरा झाला, की तिच्यावर एकच फास मोकळा उरतो. तो थोडा ओढून मोठा केला आणि त्यात सेफ्टी पिन अडकवली, की काम आहे तेथेच थांबते. चहा टाकून यावा, दारावरच्या भाजीवाल्याशी बोलून यावे आणि पुढचा टाका घालावा. चूक झाली तर दोरा ओढून हवे तेवढेच उसवता येते आणि बाकीच्या विणीला धक्का लागत नाही. ज्या कामात थांबणे, बोलणे आणि मागे जाणे इतके स्वस्त आहे, ते काम एकट्याने शिकण्यापेक्षा सोबतीने शिकावे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि हा लेख त्याच बेताने लिहिला आहे.

ग्वाल्हेरच्या मराठी घरांना हे काम मुळीच नवखे नाही. तांब्याभांड्यावर घालायची मण्यांच्या काठाची झाकणे, दाराची तोरणे, रेडिओवर आणि पुढे टीव्हीवर अंथरलेले पांढरे रुमाल या गोष्टी रुखवतात मांडल्या जात आणि नंतर वर्षानुवर्षे वापरल्या जात. मधल्या काळात हे सारे ट्रंकेत गेले. आता नातवंडे मोबाईलवर चित्रफिती पाहून तेच टाके नव्याने शिकत आहेत. घरात आजी, मावशी किंवा काकू असे काम जाणणारी असेल, तर पहिला टाका तिच्याकडूनच शिकावा, कारण दोरा बोटांवर किती ताणून धरायचा हे पडद्यावर दिसते खरे, पण हाताला कळत नाही.

साहित्य

सुरुवातीला फार थोडे लागते: ४ किंवा ४.५ मिलिमीटरची अॅल्युमिनियमची सुई, मध्यम जाडीच्या अॅक्रिलिक लोकरीचा एक गोळा, कात्री, मोठ्या नेढ्याची बोथट सुई, मोजपट्टी आणि चार-पाच सेफ्टी पिना. महाराज बाड्याच्या आसपासच्या बाजारात हे सगळे साधारण तीनशे रुपयांत जमते. दुकानात हिंदीतले ‘ऊन’ (लोकर) आणि ‘क्रोशिया’ (क्रोशाची सुई) मागितले, की काम लवकर होते. लुधियान्याच्या वर्धमान किंवा ओसवाल या लोकरी नवशिक्यास पुरेशा चांगल्या आहेत आणि सुयांमध्ये पोनीच्या सुया सर्वत्र मिळतात.

लोकर घेताना रंगाचा मोह आवरावा. काळा, गडद निळा आणि मरून या रंगांत टाका दिसतच नाही. केसाळ लोकरीत टाके एकमेकांत मिसळतात आणि उसवताना ती गुंतते. फिकट पिवळा, आकाशी, मोतिया असा एकच सपाट रंग घ्यावा आणि दोरा गुळगुळीत, घट्ट पिळाचा असावा. सुईवर कोरलेला मिलिमीटरचा आकडाच पाहावा, नुसत्या क्रमांकावर विसंबू नये, कारण दोऱ्याच्या बारीक पोलादी सुयांच्या अमेरिकी पद्धतीत क्रमांक जितका मोठा तितकी सुई बारीक असते, तर अॅल्युमिनियमच्या जाड सुयांत उलट असते.

आपल्या शहराचे हवामानही लक्षात घ्यावे. ग्वाल्हेरात डिसेंबर-जानेवारीत दाट धुके आणि हाडात शिरणारी थंडी असते, तर मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. घामेजल्या हाताने लोकर ओढली जात नाही, ती बोटांना चिकटते. म्हणून दिवाळीनंतर लोकरीवर शिकावे आणि होळी उलटली की सुती दोरा हाती घ्यावा. वर्षाचे हे दोन भाग आपोआप पडतात, ही या हवामानाची एक कृपाच म्हणायची.

पहिले टाके

सुई धरण्याच्या दोन रीती आहेत: पेन्सिल धरतो तशी, किंवा सुरी धरतो तशी मुठीत. दोन्ही बरोबर आहेत. ज्या रीतीत मनगट मोकळे राहते ती आपली मानावी. खरे काम डाव्या हाताचे आहे. दोरा करंगळीभोवती एकदा फिरवून तर्जनीवरून पुढे घ्यावा. करंगळी ताण सांभाळते आणि तर्जनी दोरा सुईपुढे धरते. मधले बोट आणि अंगठा यांनी विणलेला भाग धरावा.

दोऱ्याच्या टोकाशी सरकगाठ बांधून ती सुईवर चढवावी. सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्यावा आणि तो फासातून ओढून काढावा. ही एक साखळी झाली. पहिल्या बैठकीत साखळीशिवाय काहीही करू नये. हातभर साखळी घालावी, उसवावी, पुन्हा घालावी. नवशिक्याचा हात जवळजवळ नेहमीच घट्ट असतो. साखळी इतकी आवळली जाते, की पुढच्या ओळीत सुई आत शिरत नाही. फास सुईच्या निमुळत्या टोकाशी न आवळता तिच्या सरळ भागावर येऊ द्यावा, म्हणजे प्रत्येक टाका सुईच्याच मापाचा होतो. तरीही हात सैल होत नसेल, तर पायाची साखळी अर्धा मिलिमीटर जाड सुईने घालावी आणि पुढचे काम ठरलेल्या सुईने करावे.

यानंतर मुका खांब. २१ साखळ्या घालाव्यात. सुईपासून दुसऱ्या साखळीत सुई घालावी, दोरा ओढून घ्यावा. आता सुईवर दोन फास आहेत. पुन्हा वेढा घ्यावा आणि दोन्ही फासांतून एकदम काढावा. ओळीच्या शेवटी २० टाके व्हायला हवेत. एक साखळी घालून काम उलटावे आणि पुढची ओळ सुरू करावी. मुक्या खांबाची वीण दाट आणि कणखर असते. गरम भांड्याखालची चकती, मोबाईलचे पाकीट, पायपुसणे यांसाठी ती योग्य आहे, मात्र चकतीसाठी सुती दोराच वापरावा, कारण अॅक्रिलिक उष्णतेने वितळते.

खांब उंच असतो आणि त्याची वीण लवचीक व मोकळी होते. २० टाक्यांसाठी २२ साखळ्या घालाव्यात. आधी सुईवर वेढा घ्यावा, सुईपासून चौथ्या साखळीत सुई घालून दोरा ओढावा, म्हणजे तीन फास होतात. वेढा घेऊन दोन फासांतून काढावा, पुन्हा वेढा घेऊन उरलेल्या दोनांतून काढावा. सुटलेल्या तीन साखळ्या हा पहिला खांब समजला जातो. पुढची ओळ सुरू करताना तीन साखळ्या घालून काम उलटावे आणि पुढचा खांब दुसऱ्या टाक्यावर घालावा, पहिल्यावर नव्हे. आणि ओळ संपवताना शेवटचा खांब आधीच्या ओळीतल्या तीन साखळ्यांच्या डोक्यावर घालावा.

शेवटच्या दोन वाक्यांत सांगितलेली गोष्ट दोनदा वाचावी, असे सुचवतो. नवशिक्यांचा चौकोन वर जाता जाता त्रिकोणाकडे झुकतो, तो याच दोन टोकांमुळे. एका बाजूला टाका सुटतो, कधी दुसऱ्या बाजूला वाढतो आणि मधल्या विणीत काहीच बिघडलेले नसल्याने दोष कुठे आहे हे ध्यानात येत नाही. यावर एकच उपाय आहे: पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवावी आणि प्रत्येक ओळीनंतर टाके मोजावेत. हात बसला, की मोजणे आपोआप कमी होते.

गोल आणि चौकोन

गोल विणण्याचे गणित एकदा समजले, की टोपी, झाकण, आसन, बाहुली या सगळ्यांचा मार्ग मोकळा होतो. मुक्या खांबाचा सपाट गोल हवा असेल, तर पहिल्या फेरीत ६ टाके घ्यावेत आणि प्रत्येक फेरीत सारख्या अंतराने ६ वाढवावेत: १२, १८, २४. उंच खांबाचा गोल १२ टाक्यांनी सुरू होतो आणि दर फेरीला १२ वाढतात. यापेक्षा कमी वाढवले तर गोल वाटीसारखा वळतो, आणि टोपीसाठी आपण नेमके तेच करतो. सपाट चकती डोक्याच्या मापाची झाली, की वाढवणे थांबवायचे. जास्त वाढवले तर काठाला झालरी पडतात. हा दोषही कोणाच्या तरी उपयोगी पडला आहे: गणितज्ञ डायना तैमिना यांनी १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात असेच टाके वाढवत जाऊन अतिपरवलयी (हायपरबोलिक, म्हणजे मध्यापासून दूर जाताना अधिकाधिक पसरत झालरीसारखा होणाऱ्या) पृष्ठभागाची क्रोशाची प्रतिकृती तयार केली, जी कागदावर किंवा पुठ्ठ्यात धड बनत नव्हती. म्हणून पहिली चकती झालरीदार झाली, तर ती फेकून देऊ नये.

चौकोनाची कृती त्याहून सोपी आणि गटासाठी अधिक उपयोगी. चार साखळ्यांचे कडे करून त्यात तीन खांबांचे चार पुंजके घालावेत आणि दोन पुंजक्यांमध्ये दोन साखळ्या घ्याव्यात. या दोन साखळ्यांच्या जागा म्हणजे चार कोपरे. पुढच्या फेरीत प्रत्येक कोपऱ्यात तीन खांब, दोन साखळ्या, तीन खांब, आणि एका कोपऱ्याकडून दुसऱ्याकडे जाताना एक साखळी. तिसऱ्या फेरीपासून बाजूच्या प्रत्येक मोकळ्या जागेत तीन खांबांचा एक पुंजका वाढत जातो. ४ मिलिमीटरची सुई आणि मध्यम लोकर घेतली, तर चार-पाच फेऱ्यांत साधारण १० सेंटिमीटरचा चौकोन होतो.

नमुने वाचताना

पुस्तकांतील आणि आंतरजालावरील लिखित नमुने बहुतेक इंग्रजीत असतात आणि तेथे एक खोच आहे. अमेरिकी नमुन्यातील ‘सिंगल क्रोशे’ म्हणजे आपला मुका खांब. ब्रिटिश नमुन्यात त्यालाच ‘डबल क्रोशे’ म्हणतात. अमेरिकी ‘डबल’ म्हणजे आपला खांब, आणि ब्रिटिशांकडे तो ‘ट्रेबल’ होतो. नमुना कोणत्या पद्धतीचा आहे हे न पाहता काम सुरू केले, तर स्वेटर अर्ध्या उंचीचा किंवा दुप्पट उंचीचा होतो. ओळखण्याची सोपी खूण अशी, की नमुन्यात कोठेही ‘सिंगल क्रोशे’ आले असेल, तर तो अमेरिकी आहे.

माझा कल चिन्हांच्या आराखड्याकडे आहे. त्यात लंबगोल म्हणजे साखळी, फुली किंवा अधिकचे चिन्ह म्हणजे मुका खांब, आणि मधोमध तिरकी रेघ असलेला इंग्रजी ‘टी’ म्हणजे खांब. जपानी नमुने याच पद्धतीने छापलेले असतात आणि जपानीचे अक्षरही येत नसताना ते विणता येतात. गोल कामाचा आराखडा मध्यापासून बाहेर वाचावा, ओळींचा खालून वर.

बैठक कशी जमवावी

थंडीत ग्वाल्हेरच्या घरांतून दुपारी सगळे गच्चीवर उन्हाला जातात, तीच या बैठकीची जागा आणि तीच वेळ. वेगळी खोली, वर्गणी, नाव, पदाधिकारी यांची काहीच गरज नाही. आठवड्यातील एक वार आणि दीड तास ठरवावा आणि तो पाळावा. तीन जण असले तरी बसावे. शेजारच्या शर्मा-गुप्तांकडील मंडळी आली, तर बैठकीची भाषा अर्धी हिंदी होईल, आणि ग्वाल्हेरच्या लष्कर भागात तसेही कोणते संभाषण शेवटपर्यंत एकाच भाषेत चालते? पुरुषांनाही बोलवावे. निवृत्त काका पहिले दोन दिवस नुसते वर्तमानपत्र घेऊन बसतात आणि तिसऱ्या दिवशी लोकरीची लडी सोडवून गोळा करून देतात. पुढे सुई हातात यायला वेळ लागत नाही.

बसण्याची रीत महत्त्वाची आहे. उजव्या हाताने विणणाऱ्यास शिकवायचे असेल, तर समोर न बसता शेजारी बसावे, कारण समोरून सगळे उलटे दिसते. शिकणारी व्यक्ती डावरी असेल आणि शिकवणारी उजवी, तर मात्र मुद्दाम समोरासमोर बसावे. आरशातल्याप्रमाणे हालचाली दिसतात आणि डावऱ्या व्यक्तीचे काम निम्मे सोपे होते. शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याच्या हातातून काम काढून घेऊन स्वतः दुरुस्त करू नये. हा नियम आज्यांना सर्वांत जड जातो, पण तो पाळावाच. आजीने चार ओळी सुरेख घालून दिल्या, तर पाचवी ओळ कोणाची हे सगळ्यांनाच दिसते आणि शिकणारी खट्टू होते.

बैठकीत कोणते काम न्यावे, हेही ठरवून घ्यावे. ज्यात सतत मोजावे लागते ते काम, म्हणजे अननसाचा नमुना, मण्यांचा काठ, बाहुलीचे तोंड, घरी शांतपणे करावे. बैठकीत पुंजक्यांचे चौकोन किंवा सरळ खांबांचा मफलर न्यावा, कारण गप्पा रंगल्या की मोजणी चुकते आणि मोजणी सांभाळली की गप्पा तुटतात.

सगळ्यांनी मिळून करण्याजोगे पहिले काम म्हणून मी बाळाचे पांघरूण सुचवतो. घरात किंवा शेजारी बाळंतविडा देण्याचा प्रसंग कधी ना कधी येतोच. ८० सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या पांघरुणाला १० सेंटिमीटरचे ६४ चौकोन लागतात. आठ जणींनी प्रत्येकी आठ केले की झाले. अडचण एवढीच, की प्रत्येकीचा हात वेगळा. एकीचा चौकोन नऊ सेंटिमीटरचा होतो, दुसरीचा अकराचा. म्हणून लोकर एकाच वेळी, एकाच लॉट क्रमांकाची (एकाच वेळी रंगवलेली) घ्यावी, प्रत्येकीने आधी एक चौकोन करून मोजावा, आणि मोठा होत असेल तर बारीक सुई, लहान होत असेल तर जाड सुई घ्यावी. चौकोन मोठा आला म्हणून हात आवळण्याचा प्रयत्न करू नये. दहा मिनिटांत हात मूळ पदावर येतो. जोडण्याचे काम एकाच व्यक्तीने करावे, म्हणजे शिवण सर्वत्र सारखी येते. अशा जोडकामाला मर्यादा नाही: २०१६ च्या जानेवारीत ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटाने चेन्नई येथे स्त्रियांनी ठिकठिकाणी विणलेले तुकडे जोडून ११,००० चौरस मीटरांहून मोठे पांघरूण तयार केले आणि त्याची गिनीज विक्रमात नोंद झाली.

संक्रांतीचे हळदीकुंकू हे दुसरे चांगले निमित्त. प्लॅस्टिकचे डबे लुटण्याऐवजी क्रोशाची लहानशी फुले, किल्लीचे गोंडे किंवा भांडी घासायच्या सुती चकत्या वाण म्हणून देता येतात. मात्र कार्तिकातच सुरुवात करावी. पन्नास वाणे पौषात सुचली, तर आनंदाची जागा जागरणे घेतात.

उन्हाळ्याचे काम

सुती दोऱ्यासाठी पोलादी सुई लागते, साधारण १.२५ ते १.७५ मिलिमीटरची, दोरा अँकरचा किंवा तत्सम. टाके तेच, पण लहान असल्याने डोळ्यांना ताण पडतो, म्हणून दिव्याऐवजी दिवसाच्या उजेडात बसावे. तांब्यावरच्या झाकणाला मण्यांचा काठ हवा असेल, तर विणायला घेण्याआधीच सगळे मणी दोऱ्यात ओवून घ्यावे लागतात आणि एकेक मणी सुईपाशी सरकवून टाक्यात बसवावा लागतो. मणी शोभेसाठी आहेतच, पण त्यांच्या वजनाने झाकण जागेवर राहते आणि पंख्याच्या वाऱ्याने उडत नाही.

सुई बारीक असो वा जाड, अर्ध्या तासाने ती खाली ठेवावी, बोटे पसरावीत, मनगट फिरवावे आणि मान वर करावी. अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागले, तर दोन दिवस काम बंद ठेवावे. दुखत्या हाताने रेटू नये.

विकण्याविषयी

काम नीट जमू लागले, की कोणीतरी ‘हे विकत का नाही?’ असे विचारतेच. घाई करू नये, पण किंमत समजून घ्यावी. दोन सुयांच्या विणीचे कापड यंत्रावर सर्रास तयार होते. क्रोशाचा खरा टाका घालणारे यंत्र मात्र बाजारात नाही, त्यामुळे दुकानात दिसणारी क्रोशाची प्रत्येक वस्तू कोणीतरी हातानेच विणलेली असते. एकोणिसाव्या शतकातील दुष्काळात आयर्लंडमधील कुटुंबांनी क्रोशाची लेस विकून गुजराण केली, आणि आंध्रातील नरसापूर परिसरात आजही बायका घरोघरी लेस विणतात व तिची निर्यात होते. दोन्हीकडे काम बारीक आणि हाती पडणारा मोबदला थोडा, ही या धंद्याची जुनी खोड आहे. म्हणून ऑर्डर घेण्यापूर्वी लागलेल्या तासांची नोंद ठेवावी, लोकरीच्या किमतीवर त्या तासांचे पैसे लावावेत आणि समोरचा ‘एवढे?’ म्हणाला तर नम्रपणे नाही म्हणावे. भेट द्यायची असेल तर पूर्ण भेट द्यावी. अर्धी भेट, अर्धी विक्री यात मैत्रीही बिघडते.

धुणे आणि ठेवणे

अॅक्रिलिकचे काम कोमट पाण्यात, सौम्य साबणाने धुवावे, पिळू नये. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी दाबून काढावे आणि सपाट पसरून सावलीत वाळवावे, कारण दोरीवर टांगले तर ते लांबते. त्यावर गरम इस्त्री कधीही फिरवू नये. वीण एकदा लोळागोळा झाली, की पूर्ववत होत नाही. सुती रुमाल धुतल्यानंतर साबुदाण्याच्या पातळ खळीत बुडवून, थर्मोकोलच्या तक्त्यावर टाचण्यांनी प्रत्येक टोक ताणून बसवावेत आणि वाळेपर्यंत हलवू नयेत. नमुना खरा उमलतो तो येथे. टाचण्या न गंजणाऱ्या असाव्यात. अॅक्रिलिकला कसर लागत नाही, पण खऱ्या लोकरीची वस्तू असेल तर उन्हाळ्यात ती धुऊन, पूर्ण वाळवून, सुती कापडात गुंडाळून कडुनिंबाच्या सुक्या पानांसह ठेवावी आणि पावसाळा संपल्यावर एकदा उन्हात घालावी.